पट्टीखालचा केना

त्या पत्रात एकच प्रश्न असता, तर टीपकागदांनी आठवड्याच्या आत उत्तर धाडलं असतं. पण त्यात दोन होते. पहिला नेहमीचा: सोबत पाठवलंय त्याचं नाव काय? दुसरा अगदी तळाशी, सहीच्या वर, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखा: ‘इतकी वर्षं तुमची पत्रं येतात, पण तुम्ही कसे आहात ते एकाही पत्रात नसतं. कसे आहात?’

आधी झाडाचं नाव लागू दे, मग दुसऱ्या प्रश्नाचं काय ते बघू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. नाव लागलं नाही. त्यामुळे दुसऱ्याची पाळीच आली नाही, आणि ते घोंगडं भिजत पडलं ते पडलंच. काही महिने गेल्यावर उशीर झाला म्हणून लिहवेना, काही वर्षं गेल्यावर लाजेने लिहवेना, आणि पुढे ते निवृत्त झाले तेव्हा तर आता कोणत्या तोंडाने लिहायचं, असं झालं.

टीपकागद हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते हर्बेरियममध्ये नोकरीला होते. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या झाडांचं ग्रंथालय. पुस्तकांच्या जागी जाड कागदाची शीटं, प्रत्येक कागदावर दाबून सुकवलेलं एकेक झाड, आणि कोपऱ्यात लेबल: कुठे मिळालं, कधी, कुणी आणलं. ओलं झाड टीपकागदांच्या थप्पीत दाबून ठेवायचं. कागद पाणी पितो आणि झाड सुकतं. तरुणपणी हे गृहस्थ सगळ्यांचं सगळं ऐकून घ्यायचे आणि स्वतः अवाक्षर काढायचे नाहीत, म्हणून चहाच्या टेबलावर कुणीतरी त्यांना टीपकागद म्हटलं आणि ते नाव चिकटलं. त्यांनाही ते मनातून पटलं होतं. टीपकागद अधूनमधून उन्हात वाळत घालतात, आपल्याला कुणी घातलं नाही, एवढंच त्यांना कधी कधी वाटे.

त्यांचा विषय होता केना. ओलसर जागी, नळाखाली, भिंतीच्या पायथ्याशी सरपटणारं निळ्या फुलाचं ते झाड, ज्याला माळी तण म्हणून उपटून फेकतो. लोकांना वाटतं केना म्हणजे एकच. शास्त्राच्या दृष्टीने ते एक अख्खं घराणं आहे: कॉमेलिना नावाची प्रजाती, आणि तिच्या पोटात दीडशेहून जास्त जाती, एकमेकींच्या वळणावर गेलेल्या, लग्नघरातल्या चुलत-मावस बहिणींसारख्या. या घराण्याच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. केन्याचं फूल सकाळी उमलतं आणि दुपार व्हायच्या आत विरघळून जातं. कागदात दाबलं तर त्याचं पाणी होतं. वाळल्यावर एक निळसर डाग उरतो, पुष्कळदा तोही नाही. फुलावरून ओळख पटवायची, तर फूलच जागेवर नाही. हर्बेरियममधल्यांनी विषय वाटून घेतले तेव्हा कुणी ऑर्किड घेतली, कुणी गवतं, कुणी नेचे. केना कुणालाच नको होता. टीपकागद काही बोलले नाहीत, म्हणून तो त्यांच्या गळ्यात पडला.

पण पडला तो मग जिवाला चिकटला. साधा केना जमिनीखालीही फुलतो हे त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा ते दिवसभर हवेत होते. मुळांच्या शेजारून पांढरे धुमारे मातीत जातात आणि त्यांवर फुलं येतात. रंग नाही, उमलणं नाही, कीटकाची भेट नाही. बंद कळीच्या आतल्या आत बी धरतं. नव्या लोकांना हे सांगताना त्यांचा आवाज जरा चढत असे, आणि लगेच ते गप्प होत, स्वतःबद्दल काहीतरी बोलून गेल्यासारखे.

पत्र लिहिणाऱ्या बाई दूरच्या एका गावात शाळेत विज्ञान शिकवत होत्या. सुट्टीच्या दिवशी हिंडून झाडं गोळा करायच्या आणि वर्तमानपत्राच्या घडीत वाळवून पाठवायच्या. टीपकागदांची आणि त्यांची भेट कधीच झाली नव्हती. पण बाईंचं लेबल वाचताना त्यांना बरं वाटे. इतर लोक लिहीत ‘फूल निळं’ आणि सुटत. बाई लिहीत, ‘वरच्या दोन पाकळ्या आकाशी, खालची तिसरी इवलीशी, जवळजवळ पांढरी, शाळेची पहिली घंटा झाली तेव्हा उघडं होतं, मधल्या सुट्टीत मिटलेलं.’ म्हणजे जे कागदावर टिकत नाही, ते बाई शब्दांत टिकवून पाठवत.

टीपकागद उत्तर पाठवत ते पावतीसारखं. झाडाचं नाव, ते नाव का, त्याच्या दोन ओळी, कळावे. एवढ्यासाठीसुद्धा ते तीन-तीन खर्डे करत. ‘आपले निरीक्षण उपयुक्त वाटले’ असं एकदा लिहिलं आणि ते फार सलगीचं वाटून खोडलं.

आणि मग ते शेवटचं पुडकं आलं. त्यातल्या झाडाने त्यांची झोप उडवली.

वरचा भाग सरळ होता. अरुंद पानं, आणि फुलाला कवेत घेणारं जे घडीचं पान असतं ते होडीसारखं उघडं. साध्या केन्यात त्या पानाच्या कडा जुळून त्याचं नरसाळं होतं. उघडी होडी ही डिफ्युजा नावाच्या दुसऱ्या जातीची खूण, आणि तीही काही दुर्मीळ नाही, ओल्या जागी मुबलक. पण त्याच झाडाच्या तळाशी पांढरे धुमारे होते आणि धुमाऱ्यांवर मातीखालची बंद फुलं. डिफ्युजा मातीखाली फुलत नाही. म्हणजे दोनच शक्यता. एक तर हे आजवर कुणी न पाहिलेलं झाड होतं, घराण्यातली नवी लेक. नाही तर दोन वेगळी झाडं गुंत्यात उपटली जाऊन एक म्हणून कागदावर चढली होती.

जाणत्याला आधी दुसरी शंका येणार. त्यांनाही आली. शहानिशा करणं अगदी सोपं होतं. वरचं खोड खालच्याला जिथे मिळत होतं, नेमकं तिथे गोंदाची कागदी पट्टी होती, झाड कागदावर घट्ट बसावं म्हणून लावलेली. ओला कापूस थोडा वेळ ठेवला की पट्टी सुटते. खोड अखंड आहे की नाही, ते डोळ्यांना दिसतं.

ती पट्टी त्यांनी उचलली नाही. नोकरी संपेपर्यंत उचलली नाही. झाड खरंच नवं निघालं तर चार लोकांत उभं राहून ते आपल्याला सांगावं लागणार, शंका-कुशंकांना उत्तरं द्यावी लागणार, आणि तेच त्यांना नको होतं. आणि दोन झाडं निघाली, तर बाईंना लिहावं लागणार की तुमचा घोटाळा झाला. मधल्या सुट्टीत फूल मिटल्याची नोंद ठेवणाऱ्या बाईंना. ते तर त्यांच्या अगदीच जिवावर आलं होतं. त्यापेक्षा पट्टी होती तिथे बरी होती. कपाटातल्या त्यांच्या खणात ते शीट पडून राहिलं, आणि नाव लिहायची चिठ्ठी कोरी.

निवृत्तीनंतर ते दोन खोल्यांच्या घरात एकटेच राहत. पुढच्या खोलीत पुस्तकं, मागच्या खोलीत पलंग आणि आणखी पुस्तकं. सकाळी वाचायचं, दुपारी वाचलेलं विसरायचं. दर रविवारी धाकटी बहीण फोन करी, जेवण-औषध विचारी आणि दोन टोमणे मारून ठेवून देई. आठवड्यात दुसरा फोन सहसा वाजत नसे. म्हणून सोमवारी सकाळी तो वाजला तेव्हा बहिणीकडे काही बरं-वाईट तर नाही, अशा धास्तीनेच त्यांनी उचलला.

फोन हर्बेरियमचा संग्रह सांभाळणाऱ्या नव्या क्युरेटरचा होता. वयाने त्यांना मुलगी शोभेल अशी, कामाला वाघ. जुनी कपाटं जाऊन नवी येणार होती. नाव न लागलेल्या सगळ्या शीटांचे छोटे तुकडे प्रयोगशाळेत जाणार होते. तिथे तपासणी होऊन नावं येणार आणि ज्याने झाड पाठवलं त्याला परस्पर छापील कळवलं जाणार. टीपकागदांच्या खणात काही वस्तू राहिल्या होत्या, त्या घेऊन जाव्यात.

ते गेले. खणात एक भिंग, एक बोथट सुरी, आटलेली गोंदाची बाटली आणि ते शीट.

“केन्याचं हे एकच बिननावाचं आहे, सर,” क्युरेटर म्हणाली. “यादीत घालू ना? वरून एक तुकडा घेऊ, खालून एक.”

“मला दोन-चार दिवस द्याल का?”

“संस्थेने तुम्हाला एवढी वर्षं दिली, मी चार दिवसांना कुठे नाही म्हणू?” ती हसली. तिने लेबल वाचलं आणि भुवया उंचावल्या. “या बाई होय. अजून पाठवतात हं. गेल्याच महिन्यात पुडकं आलं. हल्ली गवतवाल्यांच्या नावाने येतं.”

टीपकागदांना आधी आनंद झाला आणि पाठोपाठ कुठेतरी बारीकसं दुखलं. बाई होत्या. हिंडत होत्या. लेबलं लिहीत होत्या, आणि ती दुसरं कुणी वाचत होतं.

“केना असतो का त्यात?” त्यांनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

क्युरेटरने कॉम्प्युटरवर शोधून पाहिलं. गवतं होती, लव्हाळे होते, नेचे होते. त्या जुन्या पुडक्यानंतर केना एकही नव्हता. “त्यांच्या बाजूला उगवत नसेल,” ती म्हणाली आणि दुसऱ्या कामाला लागली.

टीपकागदांनी पडद्यावरची यादी पुन्हा एकदा वरून खाली वाचली. केना उगवत नाही अशी ओली जागा नसते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? म्हणजे इतकी वर्षं बाई नळापाशी, भिंतीपाशी केना पाहत होत्या आणि वाकून तो न उचलता पुढे जात होत्या.

घरी येऊन त्यांनी बहिणीला फोन लावला. आपण होऊन फोन त्यांनी कधी केला नव्हता, त्यामुळे तिच्या तोंडचं पाणी पळालं. काही झालेलं नाही हे पटवण्यात बराच वेळ गेला. मग त्यांनी शीटचं सांगितलं, प्रयोगशाळेचं सांगितलं. बाईंच्या पत्राबद्दल एकदा बोलता बोलता तिच्यापाशी निघून गेलं होतं, आणि ती काही विसरणाऱ्यांतली नव्हती.

“अरे दादा, पत्रच लिहायचंय ना? का मागणी घालायचीय?”

त्यांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

“घालायची असेल तर तीही घाल, पण याच जन्मात घाल.” मग तिचा सूर उतरला. “ती बिचारी कसे आहात म्हणून विचारत होती, आणि तू झाडाचं नाव शोधत बसलास.”

“नाव लागल्याशिवाय कसं लिहिणार?”

“मग लाव. छापील कागद जायच्या आधी तुझं पत्र गेलं पाहिजे. नाही तर तिला वाटेल, स्वतः दोन ओळी लिहायच्या सोडून यांनी यंत्राकडून कळवलं.”

हे मात्र त्यांना अगदी वर्मी लागलं.

दुसऱ्या दिवशी हर्बेरियम उघडायच्या वेळेला ते दारात उभे होते. खिडकीशेजारचं त्यांचं जुनं टेबल अजून हललं नव्हतं. कोमट पाणी, कापूस, चिमटा, बोथट सुरी. कापूस पिळून त्यांनी पट्टीवर ठेवला आणि हात मागे घेतला. थोड्या वेळाने पट्टीची एक कड सैल झाली. सुरीचं टोक खाली सरकवून त्यांनी ती अलगद उलटली आणि भिंग डोळ्याला लावलं.

खोड अखंड नव्हतं. एवढ्याने काही ठरत नाही. वाळलेली झाडं टपालात मोडतात. पण मोडलेल्या दोन टोकांच्या कडा एकमेकींत बसतात, फुटलेल्या कपाच्या बसतात तशा. या बसत नव्हत्या. वरच्या तुकड्याचं टोक पात्याने तिरकं छाटलेलं, स्वच्छ. खालच्याचं टोक हाताने ओढून तोडलेलं, धागे सुटलेलं, आणि चांगलं जाड. वरचा डिफ्युजा, खालचा साधा केना. दोन वेगळी झाडं. दोन्ही अगदी सामान्य.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. मग त्यांना ते सुरीने छाटलेलं टोक पुन्हा पाहावंसं वाटलं. पाहता पाहता आठवलं.

त्या दिवसांत शीटं चिकटवणारी बाई रजेवर होती. पुडकं त्यांनी स्वतः उघडलं होतं, याच टेबलावर. वर्तमानपत्राच्या घडीत दोन तुकडे होते. एकमेकांना लागून नव्हते. मध्ये चांगलं बोटभर अंतर होतं. टपालात मोडलेलं दिसतंय, असं म्हणून त्यांनीच खालचा तुकडा बोटाने वर सरकवला होता. त्यांनीच टोकं जुळवली होती, त्यांनीच सांध्यावर पट्टी मारली होती. बाईंनी एका घडीत दोन झाडं पाठवली होती, एक छाटून आणि एक मुळासकट उपटून. नीट, वेगवेगळी. घोटाळा बाईंचा नव्हताच. बाईंची चूक बाईंना कशी सांगावी या काळजीत ते इतकी वर्षं तोंडाला कुलूप लावून बसले, ती चूक त्यांच्या स्वतःच्या गोंदाची होती.

क्युरेटर चहाचा कप घेऊन आली तेव्हा त्यांनी तिला भिंगातून दाखवलं. जरा धीर करूनच दाखवलं. तिने पाहिलं आणि मान हलवली.

“दोन झाडं. अहो सर, असं दर कपाटात एक सापडतं. चिठ्ठीवर अ आणि ब लिहा आणि मोकळे व्हा. चहा गार होईल.”

तिच्या दृष्टीने एवढंच होतं. त्यांनी चहा प्यायला. मग दोन चिठ्ठ्यांवर दोन नावं लिहिली, खाली स्वतःचं नाव आणि साल, आणि त्या जागच्या जागी चिकटवल्या. जगातली एक जाती त्या दुपारी कमी झाली. ती होती हे त्यांच्याखेरीज कुणाला माहीतच नव्हतं, त्यामुळे तिच्यासाठी त्यांच्याबरोबर हळहळायला दुसरं कुणी नव्हतं. निघताना त्यांनी गेल्या महिन्यातल्या पुडक्यावरचा बाईंचा पत्ता क्युरेटरकडून कागदावर उतरवून घेतला. तो शाळेचा नव्हता, घराचा होता. बाईही निवृत्त झाल्या होत्या तर.

पत्राचा पहिला खर्डा चार पानं झाला. त्यात इतक्या वेळा क्षमा मागितली होती की वाचणाऱ्याला वाटावं, यांनी कुणाचं घरदार बुडवलं. तो फाडला. दुसरा तीन ओळींचा झाला: दोन नावं, कारणं, कळावे. ही जुनीच पावती होती. तोही फाडला. बुधवार असाच गेला. गुरुवारी सकाळी ते पुन्हा बसले आणि खाडाखोड होईल ती होऊ दे, असं ठरवून लिहिलं.

‘वरचा तुकडा डिफ्युजा, खालचा साधा केना. दोन्ही सगळीकडे उगवतात. तुम्ही ते वेगवेगळे पाठवले होते. मी पट्टी लावून त्यांचं एक केलं, आणि मग चूक तुमची असेल या समजुतीने तुम्हाला दुखवू नये म्हणून गप्प बसलो. गप्प बसण्याने जास्त दुखतं, हे मला काल-परवा कळलं.’

इथवर लेखणी चालली. आता दुसरा प्रश्न. ‘मी बरा आहे’ असं त्यांनी लिहिलं आणि त्या तीन शब्दांकडे भिंगातून पाहावं तसं पाहत राहिले. नमुना न तपासता लावलेलं नाव होतं ते. त्यांनी एक सरळ रेघ मारून ते खोडलं, पण वाचता येईल असं ठेवलं, आणि पुढे लिहिलं:

‘मी एकटा असतो. सकाळ वाचनात जाते, संध्याकाळ जात नाही. तुमच्या पुडक्यांची मी वाट पाहायचो. झाडांसाठी, असं मी तेव्हा समजत होतो. तुम्ही कशा आहात?’

पुन्हा वाचलं तर हे पाठवायचं धाडस होणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून घडी घालून पाकीट चिकटवलं, चपला घातल्या आणि निघाले. पोस्ट दोन गल्ल्या पलीकडे. वाटेत भिंतीच्या कडेला ओल दिसली तरी आज ते थांबले नाहीत.

खिडकीत रांग होती. त्यांचा नंबर आला तेव्हा आतल्या माणसाने पाकीट काट्यावर टाकलं. “आजोबा, रजिस्टर करून देऊ? पोचलं की तुम्हाला कळेल.”

त्यांनी क्षणभर विचार केला. “नको. साधंच जाऊ दे.”

माणसाने तिकीट लावलं, त्यावर शिक्का हाणला आणि न बघता पाकीट पाठीमागच्या पिशवीत भिरकावलं. ते तिथे जाऊन पडलं, बाकीच्या पत्रांत मिसळलं आणि दिसेनासं झालं. टीपकागद मात्र खिडकीची फळी धरून तसेच उभे राहिले.

“काका, तुमचं झालं ना?” मागच्या बाईने विचारलं.

“हो,” ते म्हणाले. “झालं.” आणि बाजूला झाले.